कचऱ्यातली वीज आणि कुंपणाबाहेरच्या बाया

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत एका ठरावावर चर्चा चालू असेल. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण आज जे एका गावात घडते आहे ते उद्या तुमच्या गावात घडणार आहे. ठराव आहे कचऱ्यातून वीजनिर्मिती करण्याचा.

गेल्या महिन्यात या प्रकल्पाची माहिती द्यायला नगरपालिकेच्या सभागृहात बैठक बोलावली होती. डेपोवर कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या सात जणींना घेऊन मी गेले होते. आमंत्रण आम्हाला नव्हते. ‘नागरिकांनी उपस्थित राहावे’ एवढेच फलकावर लिहिले होते आणि आम्हीही नागरिकच, म्हणून गेलो. कंपनीच्या माणसाने पडद्यावर चित्रे दाखवली : हिरवळ, त्यावर पांढऱ्या भिंतींची इमारत, इमारतीतून निघणाऱ्या विजेच्या तारा. इतके मेगावॉट, इतके उत्पन्न, शहर कचरामुक्त. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या मावशी उठल्या. वय साठीच्या आसपास, त्यातली पस्तीस वर्षे डेपोवर गेलेली. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, कुंपण कुटून घालनार? आन आमी त्याच्या आत का भाईर?”

साहेब हसले. नगरसेवक हसले. उत्तर मात्र कुणीच दिले नाही. बैठक संपली, चहा आला.

हे संपादकीय त्या न मिळालेल्या उत्तराविषयी आहे.

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केले. कचऱ्याच्या प्रश्नात पडल्यावर कळले की सरकारी कागदांवर एम.एस.डब्ल्यू. म्हणजे म्युनिसिपल सॉलिड वेस्ट, म्हणजे नागरी घनकचरा! आमच्या गटातल्या बाया यावरून माझी भरपूर थट्टा करतात. पण थट्टा सोडली तरी एक गोष्ट खरी, की कचरा हा विषय आम्हाला कधी कुणी ‘स्त्रियांचा विषय’ म्हणून शिकवला नाही. हुंडा, मारहाण, पोटगी, बलात्काराचा कायदा, आरोग्य हे आपले विषय. वीज, वायू, मेगावॉट हे अभियंत्यांचे. आपण बोलू लागलो की “ताई, हे तांत्रिक आहे” असे सांगून गप्प बसवले जाते. म्हणून आधी हे तंत्र आपण समजून घेऊ. ते वाटते तितके अवघड नाही. आपल्यापैकी अनेकजणी त्यातच वाढल्या आहेत.

माझे माहेर पाथर्डी तालुक्यातले. माझ्या लहानपणी आमच्या परसात गोबरगॅस होता. शेण आणि पाणी कालवून टाकीत सोडायचे, वर झाकण, हवा आत जाऊ द्यायची नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव ते शेण कुजवतात आणि त्यातून जो वायू निघतो त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो जळतो. त्यावर आमचा चहा आणि भाकरी व्हायची. प्लँट वडिलांच्या नावावर होता, अनुदानही वडिलांच्या नावावर आले. शेणाचे घमेले मात्र आईच्या डोक्यावर होते. पाणी तिनेच आणायचे, कालवायचेही तिनेच. २००३ च्या दुष्काळात जनावरे छावणीत गेली आणि गॅस बंद पडला. तेव्हाही चुलीसाठी सरपण गोळा करायला तीच गेली. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला संडास जोडून सार्वजनिक गोबरगॅस चालवला गेला. तेव्हा कुजण्यातून इंधन ही कल्पना नगरच्या बायांना नवी नाही.

कचरा डेपोत तेच घडते, फक्त टाकी नसते. भाजीची देठे, उष्टे अन्न, सडकी फळे, मटणाच्या दुकानातला कचरा यांवर रोज नवे थर पडतात. खालच्या थरांना हवा मिळत नाही आणि तिथे मिथेन तयार होऊ लागतो. कचऱ्याच्या ढिगातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो कोंडला की पेट घेतो. डेपोला लागणारी आग आठवडा-आठवडा का विझत नाही, वरून पाणी मारले तरी आतून धूर का येत राहतो, त्याचे हे कारण. शिवाय हवा तापवण्याच्या बाबतीत वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक प्रखर आहे. म्हणजे डेपोवरचा वायू तसाच सोडून देणे हे आपल्या फुप्फुसांनाही परवडणारे नाही आणि आधीच पावसाचे वेळापत्रक बिघडलेल्या या जिल्ह्यालाही नाही.

हा वायू वाया न घालवता पकडायचा कसा? ढिगावर माती आणि प्लॅस्टिकचे आवरण घालायचे, उभ्या विहिरींसारखे सच्छिद्र पाईप आत सोडायचे, पंपाने वायू खेचायचा, त्यातला ओलावा आणि अपायकारक अंश काढायचे आणि इंजिनात जाळून वीज करायची. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या प्वेंटे हिल्स इथल्या अवाढव्य भरावावर अशी सुमारे ५० मेगावॉट वीज होत असे. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या बांदेइरांतेस भरावावर २००४ पासून हे झाले. तेव्हा कंपनीचा माणूस जे सांगत होता ते खोटे नाही. पण ते आपल्याकडे कसे झाले, हे त्याने सांगितले नाही. ते आपण पाहू.

महाराष्ट्रातले एक मोठे उदाहरण मुंबईतल्या गोराईचे. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी सुमारे २० हेक्टर जागेवर १९७२ पासून कचरा टाकला जात होता. २००७ च्या अखेरीस ते डंपिंग बंद झाले. जवळपास २३ लाख टनांचा ढीग सारखा करून त्यावर आवरण घातले, पाईप बसवले, वर हिरवळ केली. वायू पकडून जाळला की जो मिथेन हवेत जाणार नाही त्याचे ‘कार्बन क्रेडिट’ विकता येते. या आशेवर आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीतून आगाऊ पैसेही मिळाले. डंपिंग बंद झाले हे चांगलेच झाले, आजूबाजूच्या वस्तीला श्वास घेता आला. पण वायू मात्र अंदाजापेक्षा फार कमी निघाला. विजेचे स्वप्न बाजूला राहिले.

असे का झाले? कारण आपला कचरा वेगळा आहे. त्यात ओला भाग जास्त, हवा उष्ण, त्यामुळे तो भराभर कुजतो. पाश्चात्त्य भरावात वायू वीस-तीस वर्षे निघत राहतो. आपल्याकडे उघड्यावर टाकलेल्या ढिगातला बराच वायू पाईप टाकायच्या आधीच उडून गेलेला असतो. पावसाळ्यात पाणी मुरून काळे पाणी तळाशी साठते आणि पाईप तुंबतात. म्हणजे जुन्या डेपोवर पाईप ठोकून वीज काढू, असे कुणी सांगितले तर पहिला प्रश्न विचारावा : या ढिगात किती वायू उरला आहे, हे कुणी मोजले? आणि मोजले असेल तर कागद दाखवा.

मुंबईतच कांजूरमार्गला कचरा नियंत्रित पद्धतीने कुजवून त्याच्या वायूवर वीज तयार केली जाते. पण विक्रोळी, कांजूर, भांडूपचे रहिवासी वर्षानुवर्षे दुर्गंधीविरुद्ध लढत आहेत आणि मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल दिला. त्या निकालाला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. प्रकल्पाच्या चित्रातल्या हिरवळीखाली असे वाद असतात.

त्यातच आता २०२१ पासून स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुने ढीग उकरून, चाळून, जमीन मोकळी करण्याचा कार्यक्रम चालू आहे. ढीग उकरला की त्यातला वायूही गेला. म्हणजे एकाच गावात एका ठेकेदाराला ढीग उपसण्याचे आणि दुसऱ्याला त्याच ढिगातून वायू काढण्याचे काम देता येत नाही. ज्या ठरावाविषयी मी लिहिते आहे त्यात मात्र दोन्ही गोष्टी आहेत! हे वाचून लक्षात आणून द्यायला अभियंता व्हावे लागत नाही. आमच्या बचत गटातल्या दहावी झालेल्या मुलीने ते लक्षात आणून दिले.

मग कचऱ्यातून वायू करूच नये का? करावा, जरूर करावा. पण डेपोत नव्हे, टाकीत. आणि मिसळलेल्या कचऱ्यातून नव्हे, वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यातून. आईच्या गोबरगॅसचीच ही मोठी आवृत्ती. एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यातून साधारण ८० ते १०० घनमीटर वायू मिळतो आणि एका घनमीटरपासून दीड ते दोन युनिट वीज. उरलेली मळी शेताला खत.

याचा हिशेब आपण स्वतः करू. एक लाख वस्तीच्या गावात माणशी साडेतीनशे ग्रॅम धरले तर रोज ३५ टन कचरा होतो. निम्मा ओला धरला तर १७-१८ टन. त्याचा वायू झाला सुमारे १,५०० घनमीटर, वीज झाली अडीच ते तीन हजार युनिट. दिवसाला तीन युनिट वापरणारी घरे धरली तर ही वीज जास्तीत जास्त हजारभर घरांची. गावात घरे असतात वीस-पंचवीस हजार. म्हणजे ओल्या कचऱ्यावर गावातले दिवे चालणार नाहीत. रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप यांना थोडा हातभार लागेल. खरा फायदा विजेचा नाहीच. खरा फायदा असा की डेपोला आग लागणार नाही, काळे पाणी विहिरीत जाणार नाही आणि शेतकऱ्याला खत मिळेल. हाही फायदा मोठा आहे, पण तो मेगावॉटमध्ये मोजता येत नाही म्हणून पडद्यावर दिसत नाही.

आणि इथेच आपण सावध व्हायला हवे. लाखभर वस्तीच्या गावाला कुणी ‘मेगावॉट’ची भाषा करत असेल तर ती वीज ओल्या कचऱ्याची नाही. ती जाळून करायची वीज आहे. जळते काय? भाजीचे देठ जळत नाही. जळतो तो कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, चिंध्या, म्हणजे नेमके तेच, जे वेचून आमच्या बाया जगतात. ‘कचऱ्यातून वीज’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक ओला कचरा कुजवण्याची, तिच्याशी वेचणाऱ्या बायांचे भांडण नाही. दुसरी सुका कचरा जाळण्याची, ती थेट त्यांच्या ताटातली भाकरी उचलते. ठराव वाचताना वायू हा शब्द कुठे संपतो आणि भट्टी हा शब्द कुठे सुरू होतो तेवढे नीट पाहा.

टाकीतला वायूही आपोआप होत नाही. लखनौला २००३-०४ मध्ये ओल्या कचऱ्यापासून पाच मेगावॉट वीज करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि थोड्याच काळात बंद पडला. कचरा वेगळा करून आलाच नाही, माती आणि दगड-विटांसकट मिसळून आला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजले. आपल्या शेजारी सोलापूरला तुळजापूर रस्त्यावर २०१३ च्या सुमारास ३ मेगावॉट क्षमतेचा असा प्रकल्प उभा राहिला. इंदूरला २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा वायू करणारा प्रकल्प सुरू झाला आणि त्या वायूवर शहरातल्या बसगाड्या धावल्या. इंदूरला ते जमले, कारण घराघरातून कचरा वेगळा होऊन येत होता. यंत्र जर्मनीचे असो की पुण्याचे, त्याच्या तोंडाशी येणारा कचरा कुणीतरी हाताने वेगळा केलेला असावा लागतो.

हा ‘कुणीतरी’ कोण?

घरात ती बाई असते. नगरपालिकांची पत्रके काढून पाहा : “गृहिणींनो, ओला व सुका कचरा वेगळा ठेवा.” घरात राहतात सगळे, कचरा करतात सगळे, पण पत्रक येते गृहिणीच्या नावाने. तिच्या दिवसभराच्या बिनपगारी कामात आणखी एका कामाची भर. आम्ही आमच्या गावात पत्रकाचा मजकूर बदलून घेतला, “घरातील प्रत्येकाने” असे लिहायला लावले. बदल लहान आहे, पण त्यावरून दोन घरांत तरी भांडण झाले आणि एका घरात आजोबा आता स्वतःच्या औषधांची पाकिटे सुक्या डब्यात टाकतात!

घराबाहेर ती पुन्हा बाईच असते, आणि बहुतेक वेळा दलित बाई. जातीने ज्यांच्यावर घाण उचलण्याचे काम लादले त्यांच्याच लेकीसुना गोणी आणि आकडी घेऊन पहाटे निघतात. त्यांच्या हाताला काचा लागतात, सुया टोचतात, कुत्री चावतात. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लंगोट उघडे टाकलेले असतात, ते त्यांना उघड्या हाताने बाजूला करावे लागतात. पाळीच्या रक्ताविषयी आपण चळवळीत खूप बोललो, निषिद्धता मोडली पाहिजे म्हणालो, ते बरोबरच होते. पण ते पॅड शेवटी कुणाच्या हातात जाते हे विचारायला आपण उशीर केला. पुण्याच्या कचरावेचक बायांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडच्या गोणी थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करा, ही मोहीमही त्यांचीच. हे आपल्या प्रत्येकीला आजपासून करता येईल.

पुण्याच्या या बायांचा इतिहास आपण सर्वांनी वाचायला हवा. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ‘आम्ही भिकारी नाही, चोर नाही, कामगार आहोत,’ ही तिची मूळ भूमिका. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून बाया घरोघर कचरा गोळा करू लागल्या. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ सुरू केला. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा ओल्या कचऱ्याचा वायुप्रकल्प विकसित केला होता. संघटनेने कचरावेचक बायांना तो चालवण्याचे प्रशिक्षण दिले. कोणता कचरा आत जायचा, कोणता नाही, हाडे, करवंट्या, अंड्यांची टरफले का काढायची, हे सगळे ज्यांना शाळा मिळाली नव्हती त्या बाया शिकल्या आणि प्रकल्प चालवू लागल्या. म्हणजे “यांना यंत्र काय कळणार” या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात कधीच दिले गेले आहे. ते उत्तर आमच्या त्या सभागृहापर्यंत पोचलेले नाही इतकेच.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून हे लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल.

बैठकीनंतर डेपोशेजारच्या गावातल्या दोन बाया मला भेटल्या. त्यांतली एक म्हणाली, “ताई, तुम्ही तिकडच्या बायांच्या बाजूनं बोलता. त्यांचं पोट भरतं, चांगलं आहे. पण आमच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं. जेवताना ताटावर माश्यांचा थर. सोयरीक जमवायला पाहुणे आले की वासानंच माघारी जातात. आमाला तो डेपो नकोच. वीज करा, जाळा, काय बी करा.” मला उत्तर सुचले नाही. तिचेही खरेच आहे. नगर शहराजवळ बुरुडगावच्या लोकांनी डेपोविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढा दिला, तो काही हौसेने दिला नाही. शहराची घाण खेड्याच्या उंबऱ्यावर टाकायची आणि खेड्याने गप्प बसायचे, हे चालणार नाही.

डेपो तसाच राहावा, कारण त्यावर बाया जगतात, असे आपण म्हणूच शकत नाही. डेपो माणसे मारतो. इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात, ११ मार्च २०१७ रोजी कोशे इथला ढीग कोसळला आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. त्यात बहुसंख्य बायका होत्या. शेजारीच कचऱ्यापासून वीज करणारा कारखाना उभा राहत होता. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आगीनंतर पहारे आले, भिंती आल्या आणि वेचणाऱ्यांना मज्जाव आला. आग वायूमुळे भडकते, वायू मिसळलेल्या कचऱ्यामुळे होतो, मिसळलेला कचरा व्यवस्थेच्या हलगर्जीपणामुळे येतो आणि बंदी मात्र गोणीवाल्या बाईवर!

गावातली बाई आणि डेपोवरची बाई यांना एकमेकींसमोर उभे केले की ठेकेदाराचे काम सोपे होते. आमच्या कार्यकारी गटातही यावर दोन बैठका वाद झाला. शेवटी आम्ही दोघींना एकत्र बसवले, आंगणवाडीच्या खोलीत, सभागृहात नव्हे. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग डेपोवरच्या मावशी म्हणाल्या, “आमाला तरी कुटं तिथं मरायचंय? आमच्या सुनेला दमा झालाय. काम पायजे, डेपो नको.” तिथून चर्चा सुरू झाली. दोघींचे म्हणणे एकच निघाले. कचरा डेपोपर्यंत मिसळून येऊच नये. तो वस्तीतच वेगळा व्हावा, सुका कचरा सावलीच्या शेडमध्ये बायांच्या हाती यावा, ओला टाकीत जावा आणि डेपोवर जायला जवळजवळ काही उरूच नये.

या बैठकीतून निघालेल्या मागण्या आम्ही नगरपालिकेला दिल्या आहेत. तुमच्या गावात असा ठराव आला तर त्यांचा उपयोग व्हावा म्हणून इथे देत आहोत.

पहिली : प्रकल्प फक्त वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचा असावा. सुका कचरा जाळण्याची कोणतीही तरतूद करारात नसावी, आणि ‘रोज अमुक टन कचरा पुरवू’ अशी हमी पालिकेने ठेकेदाराला देऊ नये. एकदा हमी दिली की कचरा कमी करणे हाच गुन्हा ठरतो.

दुसरी : कुंपण घालण्याआधी डेपोवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद व्हावी, तिच्या स्वतःच्या नावाने ओळखपत्र मिळावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. तेव्हा ही मेहेरबानी नाही. नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नावाने झालेली नोंद आम्हाला चालणार नाही.

तिसरी : कचरा गोळा करणे, सुका कचरा निवडणे-विकणे आणि वायुप्रकल्प चालवणे ही कामे आधी याच बायांच्या गटाला द्यावीत, रीतसर प्रशिक्षण देऊन, किमान वेतनाने, हातमोजे, बूट, पाणी, संडास आणि लहान मुलांसाठी पाळणाघर यांसह. झाडूकाम बायांना आणि यंत्रावरचे काम पुरुषांना, ही वाटणी चालणार नाही.

चौथी : शेजारच्या गावातल्या विहिरींच्या पाण्याची तपासणी दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर व्हावी, अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचला जावा. देखरेख समितीत त्या गावच्या निम्म्या बाया असाव्यात.

पाचवी : किती कचरा आला, किती वायू झाला, किती वीज झाली, किती पैसे मिळाले आणि कुणाला गेले, हे दर महिन्याला फलकावर लागावे. वायू पकडल्याबद्दल कार्बनचे पैसे मिळाले तर त्यात कचरा वेगळा करणाऱ्यांचा हिस्सा असावा. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत भारतासह अनेक देशांतल्या कचरावेचकांनी जाऊन हेच सांगितले होते, की हवेत जाणारा धूर आम्ही कमी करतो, आणि पैसा मात्र तो जाळणाऱ्यांना मिळतो.

मैत्रिणींनो, या मागण्यांत काही क्रांतिकारक आहे असे नाही. त्यातल्या बहुतेक गोष्टी कुठे ना कुठे कायद्यात किंवा अनुभवात आहेतच. पण ठराव वाचले जात नाहीत तिथे कायदा कपाटात राहतो. म्हणून एक साधी विनंती. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक तास या विषयाला द्या. तुमच्या गावचा कचरा कुठे जातो ते जाऊन पाहा, तिथे काम करणाऱ्या बायांना नावाने ओळखा, शेजारच्या गावातल्या बायांशी बोला. नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात विचारा : कचऱ्याचे किती ठेके आहेत, कुणाशी, किती वर्षांचे? उत्तर आले तर आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात ती सगळी उत्तरे एकत्र छापण्याचा आमचा विचार आहे. स्वतःच्या घरातला डबा वेगळा करायलाही विसरू नका, आणि तो एकटीने करू नका.

ठरावावर चर्चा आहे त्या दिवशी आम्ही पुन्हा सभागृहात जाणार आहोत. या वेळी सात जणी नसतील. डेपोवरच्या चाळीस जणींनी एका दिवसाची मजुरी सोडायचे ठरवले आहे आणि शेजारच्या गावातून ट्रॅक्टरने बाया येणार आहेत. मावशींनी आधीच बजावून ठेवले आहे, “ह्या बारीला मागं बसनार न्हाई, म्होरं बसनार.” आम्ही पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी धरून ठेवणार आहोत.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने